दोन सूत

आमच्या समोरच्या खोलीत एक काळं कुळकुळीत स्टँड आहे आणि त्यावर माशांची चार फुटी काचेची टाकी. येणारा माणूस आधी मासे बघतच नाही. तो स्टँड बघतो, कारण त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसतं. मग हळूच केस सारखे करतो आणि विचारतो, "कोणत्या शोरूममधून घेतलं?" मी म्हणते, "तिवशाहून." लोकांना वाटतं मी थट्टा करते आहे. माझा राग नाकावर असतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, त्यामुळे पुढे कोणी विचारत नाही.

पण थट्टा नाही. ते स्टँड माझ्या बाबांनी केलं. बाबा तिवशाजवळच्या खेड्यातले, जन्मभर काळ्या मातीत कापूस पिकवलेला माणूस. शोरूमचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं आणि मासा म्हणजे त्यांच्या लेखी कालवणात घालायची वस्तू.

कपाशीची ती वाईट वर्षं होती. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबांनी बैलजोडी विकून टाकली, वावर दुसऱ्याला बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला दिलं आणि घरात एकटे राहू लागले. मी इथे अमरावतीत, दीड तासाच्या अंतरावर. दर खेपेला गेले की ते आणखी वाळलेले दिसत. चुलीजवळ सकाळची भाकर, लोणचं, बस्स. त्या वर्षांत आमच्या भागात सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. मी आधी गावांची नावं वाचायची आणि मग बातमी. बाबांच्या डोक्यात तसलं काही नव्हतं, ते मला माहीत होतं. पण रिकामा हात आणि रिकामं घर माणसाला आतून खातं, तेही मला दिसत होतं. मला ते माझ्याजवळ हवे होते. एवढंच हवं होतं मला, दुसरं काही नाही.

आणि तिथेच सगळं अडत होतं. आमच्याकडे लेकीला पहिलं लेकरू होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही. "देल्ल्या घरचं घेत नसते, बाई," बाबा म्हणत. "नातू झाला का त्याच्या हातानं पानी पेईन, मंग पाह्य कसा ठाण मांडून बसतो." लग्नाला नऊ वर्षं झाली होती. बाबा माझ्याकडे येत, ओट्यावर टेकत, तासाभरात उठून जात. सोबत स्वतःची पाण्याची बाटली. ती हिरवी बाटली बघितली की माझं डोकंच फिरे.

तशात नवऱ्याला अकोल्याला टाकी मिळाली. त्याच्या एका मित्रानं हॉटेल बंद केलं, तेव्हा हॉटेलातली ही टाकी त्यानं फुकट देऊ केली. हा पठ्ठ्या ती गोधडीत गुंडाळून जीपच्या टपावरून घेऊन आला. टाकी आली, स्टँड नाही. अकोल्यातल्या एका दुकानात त्यानं काळं चकचकीत स्टँड बघितलं होतं आणि त्याची किंमत विचारून तसाच पायऱ्या उतरला होता. तो टीव्हीच्या दुकानात नोकरीला. टीव्हीचे खोके उघडण्यापलीकडे त्याच्या हाताला कसलंही काम येत नाही. हे मी प्रेमानंच सांगते आहे. तो म्हणाला, "टेबलावर ठेवू."

"ठेवा," मी म्हटलं. "टेबलही मोडेल, टाकीही फुटेल आणि वरून मी ओरडेन."

हे म्हणता म्हणता मला बाबा आठवले. बाबांनी स्वतःचा वखर, डवरा, तिफण, शेतीची सगळी अवजारं घरी केलेली. गावचा सुतार त्यांच्याकडे हत्यारं उसनी मागायला येई. मी लगेच फोन लावला. "बाबा, एक स्टँड करून पायजे. मिस्त्री लोक इथं लुटून राहिले." मिस्त्री मी एकालाही विचारलं नव्हतं. चांगल्या कामासाठी मी खोटं बोलते, मला त्याचं काही वाटत नाही.

"किती वजन?" बाबांनी विचारलं. नवऱ्यानं हिशेब करून सांगितलं, अडीचशे लिटर पाणी, वर काच, खाली रेती. "म्हंजे तीन क्विंटल," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "बरं. उद्याच्या पयल्या गाडीनं येतो." आई गेल्यापासून त्यांच्या आवाजात एवढा जीव मी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते आले ते खांद्यावर करवत, हातात पिशवी आणि एसटीच्या टपावर लाकडं घेऊन. विकायला नेलेल्या बैलांबरोबर बैलगाडी गेली नव्हती. मोडकी म्हणून ती कोणी घेतली नाही. बाबांनी तीच खोलली होती. आत जुनं सागवान, वरून काळं पडलेलं, पण रंधा फिरवला की मधासारखं. मला त्या गाडीत बसून जत्रेला गेल्याचं आठवलं आणि रडू फुटलं. बाबा म्हणाले, "रडतं कायले? अंगनात पडून सडलं असतं. आता हे लाकूड शहरात राहीन, मासे पाईन."

मी त्यांचं काम बघत बसायची. खरंच बघत बसायची, मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती म्हणून बरं. माणूस खिळा वापरत नव्हता. एका लाकडात खाच, दुसऱ्याला जीभ, दोन्ही एकमेकांत बसवून वरून मोगरीचा एक ठोका. टेप बाजूला ठेवून बोटांनी सांगायचे, इथं जास्त झालं, इथं कमी. चौकट उभी झाली तेव्हा नवऱ्याला म्हणाले, "जवाईबापू, चढा वर." नवरा घाबरत चढला. "नाचा." नवरा नाचला. चौकट हूं की चूं करेना. मीही चढले. शेवटी बाबा स्वतः चढले, आणि आम्ही तिघं त्या चौकटीवर भर दुपारी उभे होतो, पडदा उघडा टाकून. समोरच्या बाई बघून आत निघून गेल्या.

पण दुपारचं जेवण! रोज पहिल्या गाडीनं येऊन संध्याकाळी परत जाणारे बाबा बारा वाजले की हात झटकून फाटकाबाहेर जात. तिथे कडुनिंबाखाली बसून फडक्यातली भाकर सोडत, हिरव्या बाटलीतलं पाणी पीत. मी आत वरण, पोळी, वांग्याची भाजी करून बसलेली. पहिल्या दिवशी समजावलं, दुसऱ्या दिवशी भांडले. तिसऱ्या दिवशी डोकं लढवलं. म्हटलं, "तुमी मजूर म्हून आले न? मजुराले जेवू घालतेत का नाही मालक?"

बाबा हसले. "मजूर असतो तं मजुरी मागतली असती न वं."

अवं माय! तिथेही हरले.

चौकटीवर प्लाय बसवला आणि चकचकाटाची वेळ आली. इथे मात्र बाबांची विद्या संपत होती. वखराला कोणी पॉलिश करत नाही. म्हणून ते गल्लीच्या तोंडाशी ऑटोरिक्षा रंगवणाऱ्या चाचांकडे गेले. चाचा वयानं त्यांच्याच बरोबरीचे, दाढी पांढरी आणि नखं मात्र कायम कुठल्या ना कुठल्या रंगाची. दोघांचं पहिल्याच दिवशी असं जमलं की जणू एका शाळेतून पळून आलेले. चाचांनी सांगितलं, "चमक रंगात नसते भाऊ, घासण्यात असते. जितना घिसोगे उतना बोलेगा."

मग सुरू झालं घासणं. आधी पुट्टी, ती वाळली की घासायची. मग काळ्या ऑइलपेंटचा पातळ हात. तो वाळला की साबणाच्या पाण्यात पाणीपेपर बुडवून पुन्हा घासायचा, इतका की चमक सगळी जाऊन पाटीसारखा मुका काळा व्हावा. मग पुन्हा हात, पुन्हा घासणं. मला कळेना, चमकवायचं आहे तर चमक घालवता कशाला? बाबा म्हणाले, "वावर नाही का, पेरायच्या आंधी वखरून काढा लागते." असे सहा हात झाले. शेवटच्या हाताला खोलीतला पंखा बंद, खिडक्या बंद, धूळ बसू नये म्हणून फरशीवर पाणी शिंपडलेलं आणि बाबा श्वास धरून ब्रश फिरवताहेत. मला शिंकायची बंदी होती.

शेवटी चाचांच्या डब्यातलं गाडीचं पॉलिश. त्यासाठी मऊ फडकं लागतं, तर बाबांनी पिशवीतून कापूस काढला. स्वतःच्या वावरातला, सरकी हातानं काढलेला. "बाजारात याले कोनी विचारून नाही राहिलं," ते म्हणाले. "इथं तरी कामी येते." आणि त्या कापसाचा गोळा करून दिवसभर गोल गोल फिरवत बसले. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. मी वाकले तर आत मी दिसत होते, मागे खिडकी, खिडकीतला कडुनिंब, आणि बाजूला बाबांचं हसतं तोंड. बाप रे! मी नुसती बघत राहिले. गाडीच्या मोडक्या लाकडातून, कुठे शिकायला न जाता, या माणसानं आरसा केला होता. मला फार अभिमान वाटला.

तेवढ्यात चाचांनी हाक मारली, "भाऊ, चाय!" आणि बाबा गेले की उठून. चाचांच्या टपरीवर बसून, बशीत ओतून, फुर्र फुर्र करत चहा प्यायले. मी खिडकीतून बघितला तो चहा. चाचांच्या हातचा चहा चालतो. माझ्या घरचं पाणी चालत नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटचं काम होतं, स्टँड जागेवर बसवून लेवल बघणं. त्यासाठी बाबांनी एक लांब प्लास्टिकचा पाइप आणला होता, काचेसारखा आरपार दिसणारा. त्यात पाणी भरायचं आणि दोन टोकं दोन कोपऱ्यांना धरायची, पाणी आपोआप सारख्या उंचीवर थांबतं. पाणी भरायला त्यांनी एक टोक माझ्या बादलीत टाकलं आणि दुसरं तोंडात धरून ओढलं. पाणी पाइपातून सरसर वर चढत होतं, त्यांच्या ओठांकडे निघालं होतं. मनात म्हटलं, ये रे पाण्या, ये. ओठांपासून चार बोटं राहिली आणि बाबांनी पाइप काढून टोकावर अंगठा दाबला. एक थेंब गेला नाही. वावरातल्या इंजिनाचं डिझेल असं ओढण्यात त्यांची सगळी उमर गेली होती. त्यांच्या तोंडात कधी थेंब जात नसे.

का कोण जाणे, त्या चार बोटांनी माझं डोकं सणकलं. मी चहा करून आणला आणि त्यांच्यासमोर धरला. ते नेहमीसारखे म्हणाले, "नोको वं बाई. नातवाच्या हातचा पेईन."

"मंग जन्मभर वाट पायत बसा!" मी ओरडले. "नाही होनार मले लेकरू. डॉक्टरनं सांगतलं. दोन वर्स झाले सांगून. आता कोनाच्या हातचं पेता सांगा!"

हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. सांगायचं नव्हतं. कप हातात तसाच, चहा बशीत सांडलेला. नवरा दारात उभा होता तो मागच्या मागे नाहीसा झाला. बाबा पाइप गुंडाळत राहिले, नीट, गोल गोल, जसा कापूस फिरवत होते तसा. मग हत्यारं पिशवीत भरली, हिरवी बाटली खांद्याला लावली आणि फाटकाशी जाऊन माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोरीकडल्या अंगानं फरशी बसली हाये. तिकडला मागचा पाय दोन सूत हवेत हाये. पाचर करून आनतो मंगळवारी. तोवर पानी भरू नोको."

मी मान फिरवून उभी होते. एरवी विचारलं असतं, दोन सूत म्हणजे किती. पण विचारायला तोंड उघडावं लागतं आणि माझ्या तोंडात रडणं होतं.

तीन दिवस मी स्वतःला शिव्या घातल्या. भैताड, त्या माणसानं तुझ्यासाठी आपली गाडी मोडली आणि तू त्याला असं तोडून बोललीस. आता मंगळवारी येतात की नाही याचाही भरवसा वाटेना. मग ठरवलं, ते येतील तेव्हा टाकी भरलेली असली पाहिजे. त्यांना त्यांचं काम पुरं झालेलं दिसलं पाहिजे. आणि दोन सुताचं काय? मी कापूसवाल्याची लेक. शाळेत टकळीवर सूत काढलेलं आहे, सूत किती बारीक असतं ते मला शिकवू नका. दोन सूत म्हणजे दोन धागे. मी वहीचं एक पान फाडलं, चार घड्या घातल्या आणि त्या पायाखाली सरकवलं. प्लायच्या आड पाय दिसत नव्हता. म्हटलं, दोन धाग्यांना हे पुरून उरेल.

सोमवारी संध्याकाळी मी आणि नवऱ्यानं बादल्या वाहून टाकी काठोकाठ भरली. पाणी एका बाजूला जरा चढलेलं वाटलं, पण मला ते सुंदर दिसत होतं. काळ्या आरशावर उभं पाणी! मंगळवारी सकाळी नऊला फाटक वाजलं. बाबा आले होते. हातात बाभळीच्या दोन पाचरा. मी आनंदानं दार उघडलं, आणि माझ्या मागे टाकी बोलली, "टक्."

मोरीकडच्या कोपऱ्यातून पाण्याची बारीक धार प्लायवर उतरायला लागली. बाबांनी एका नजरेत सगळं बघितलं. रागावले नाहीत. "बालट्या घ्या दोघं जन," म्हणाले आणि पिशवीतून तो पाइप काढला. एक टोक टाकीत टाकलं, दुसरं घेऊन खोलीतून, ओट्यावरून, पायरीपर्यंत गेले आणि पायरीवर बसून तोंडाला लावून ओढायला लागले. लांबचा पाइप, एका दमात पाणी येईना. दम घ्यायचा, अंगठा दाबायचा, पुन्हा ओढायचं. मी बादली घेऊन बाहेर पळत आले आणि पायरीशी थबकले. पाइपातलं पाणी टाकीच्या काठावरून उतरून फरशीवरून त्यांच्याकडे येत होतं, लखलखीत. एक हात राहिलं. एक वीत राहिली. चार बोटं.

अंगठा हलला नाही.

त्यांचे गाल भरले. मला वाटलं आता थुंकतील. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. मग पाइप पायरीजवळच्या झाडाच्या कुंडीत सोडला, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "उभी कायले हायेस वं? पानी चाल्लं न, बालटी घे."

टाकी वाचली. काच फुटली नव्हती, कोपऱ्याचा जोड सुटला होता, तो नंतर काचवाल्यानं भरून दिला. स्टँडला तर ओरखडाही नव्हता. सहा हात दिलेल्या रंगावरून पाणी जसं आलं तसं ओघळून गेलं. फडक्यानं पुसलं की पुन्हा आरसा. बाबांनी पाय उचलायला लावला, खालून माझं वहीचं भिजलेलं पान काढलं आणि हातात धरून बघत राहिले.

"हे काय होय?"

"दोन सूत," मी म्हटलं. "मले वाटलं, सूत म्हंजे सूत. धागा."

"अवं, आठ सुताचा एक इंच असते! सुताराचं सूत होय ते." आणि बाबा हसायला लागले. पाचर हातात, पान हातात, डोळ्यांतून पाणी, खांदे हलताहेत. आई गेल्यापासून इतकं पहिल्यांदा. "कापूसवाल्याची पोरगी," ते मधेच म्हणत आणि पुन्हा हसत. मीही हसत होते आणि रडतही होते, दोन्ही एकदम.

बारा वाजले. बाबांनी पाचरा ठोकल्या, लेवल बघितली, मोरीवर हात धुतले. मी फाटकाकडे बघत होते. ते स्टँडजवळ फरशीवर मांडी घालून बसले.

"भाकर टाक वं बाई, भूक लागली," म्हणाले. "पानी तं पेलो. आता भाकरीनं काय घोडं मारलं?"

नातवाचं नाव त्यांनी काढलं नाही. पुढेही कधी काढलं नाही. मी तीन भाकरी टाकल्या, एकही गोल झाली नाही. त्यांनी तिन्ही खाल्ल्या. वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली आणि वरून तांब्याभर पाणी प्यायले.

जेवणानंतर नवरा मला स्वयंपाकघरात गाठून कुजबुजला, "मामाजींच्या तोंडात चुकून पाणी गेलं. मनाला तर लावून घेणार नाहीत ना?"

"चुकून कसं जाईल?" मी म्हटलं. "पाइप आरपार दिसत होता."

आतल्या खोलीत बाबा घोरत होते. हिरवी बाटली खुंटीवर होती, रिकामी.